सहाव्या काजाला मी थांबलो

सुज्ञ वाचकहो आणि बालमित्रांनो, प्रस्तुत लेखात मी माझ्या अल्प आयुष्याची हकीकत काहीही न लपविता निवेदन करणार आहे. तरी ती शांतचित्ताने ऐकावी.

मी एक जुना, डाव्या कानाचा इअरबड आहे. वय अकरा महिने. आमच्या कुळात याला म्हातारपणच म्हणतात. कारखान्यात माझ्या पोटात वाटाण्याएवढी बॅटरी बसविण्यात आली आणि मी व माझा उजवा भाऊ एका डबीत नांदू लागलो.

आम्हांस शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंनी विकत घेतले. त्यांना उजव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही. त्यामुळे भाऊ डबीत लोळत राही व सर्व भार मजवर पडे. बाईंनी चाळिशीनंतर दहावीच्या परीक्षेस बसण्याचा निश्चय केला होता. मुलगी धडे वाचून मोबाईलमध्ये भरून ठेवी, आणि मशीनच्या खडखडाटातही ते मी बाईंच्या कानी घाली. "डाव्या, तू माझा मास्तर," असे त्या म्हणत, तेव्हा माझा ऊर भरून येई.

परंतु मित्रांनो, माझी बॅटरी खंगली. पाच तास चालणारा मी अर्ध्या तासात मान टाकू लागलो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

"आई, नवे घेऊ ना," मुलगी म्हणाली.

"का म्हणून? वर्षाची हमी आहे, अजून महिना बाकी आहे. हक्काचा बदलून आणते."

सेवा केंद्रातील तंत्रज्ञाने मला पाच मिनिटे वाजवून पाहिले. "चालतोय की, मावशी. अगदीच वाटलं तर उजवा घाला डाव्या कानात."

"तुमच्या शर्टाची उजवी बाही डावीकडे लावून देऊ? बसेल?"

तो हसला, पण अर्ज घेईना. "बंद पडलेला मला दिसला पाहिजे."

"मग दिसेपर्यंत बसते."

बाईंनी मला कानात घातले, भूगोलाचा धडा लावला, पिशवीतून सदरे काढले आणि गुंड्यांची काजे करावयास घेतली. "एका काजाला पाच मिनिटं. पाच तासांत साठ व्हायला हवीत. बघू किती होतात."

मी मोठ्या पेचात सापडलो. टिकून राहिलो तर बाई हरणार. थांबलो तर त्यांचा सहवास कायमचा सुटणार. अखेर मी उगाच जीव ताणायचा नाही असे ठरविले. सहाव्या काजाला, "नदी समुद्रास मिळते तेथे," एवढे म्हणून मी थांबलो.

बाईंची सुई थांबली नाही. "गाळ साचून त्रिभुज प्रदेश तयार होतो," त्या स्वतःच म्हणाल्या, आणि मला काढून तंत्रज्ञाच्या तळहातावर ठेवले. "सहा झाली. लिहा."

त्याने अर्ज लिहिला. चौथ्या दिवशी बाई नवा डावा घेण्यास आल्या, तेव्हा मी खणात होतो.

"जुन्याचं काय करता?"

"सुटा करून आतलं परत वापरतात."

"मग हरकत नाही. जपून सोडवा. सगळा भूगोल त्याच्याकडून शिकलेय मी."

मित्रांनो, आम्हांस सदान्‌कदा चार्जिंगला जुंपू नका, बिल जपून ठेवा, आणि हमी शिल्लक असता हक्क सोडून उठू नका. माझे बोलणे येथवर ऐकून घेतलेत, याबद्दल आपणां सर्वांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
डावा