उपाशी कात्री

बाळांनो, असं समजा की तुम्ही एका बुटक्या खुर्चीवर बसला आहात. समोर गुडघ्याएवढं टेबल, त्यावर डिंकाची वाटी, आणि भिंतीवरच्या खुंट्यांना अठरा दप्तरं लटकलेली. बसलात? मग जरा सरकून घ्या. शेजारची खुर्ची भिंगरीची आहे, आणि भिंगरी एका जागी ठरत नाही. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं.

त्या आठवड्यात बालवर्गात ‘माझे हात’ हा विषय होता. सोमवारी मुलं बटणं लावायला शिकली. मंगळवारी जगमधून पेल्यात पाणी ओतायला शिकली. निम्मं पेल्यात, निम्मं पायांवर. भिंगरीचा मात्र एक थेंब सांडला नाही. "वा गं माझ्या राणी!" ताई म्हणाल्या, तशी ती दोनदा गर्रकन फिरली.

बुधवारी कात्र्या निघाल्या. शनिवारी प्रत्येकाने स्वतः कापलेला मुकुट घालून आईबाबांसमोर मिरवायचं होतं. भिंगरीने डाव्या हातात कात्री धरली आणि दाबली. कागद कापला जाईना. दोन पात्यांच्या मधे नुसता दुमडून बसला. पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"हिची कात्री उपाशी! कागद खातच नाही!" शेजारचा मुलगा ओरडला. त्याच्या बडबडीमुळे त्याला सगळे पोपट म्हणायचे.

"मग तू खा!" भिंगरी म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरून आले.

ताईंनी कात्री काढून तिच्या उजव्या हातात दिली. "या हाताने कर, बेटा. जमेल." पण उजवा हात बिचारा परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून गेला.

गुरुवारी भिंगरी फिरलीच नाही. दोन-तीन कागद चुरगळून झाल्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली. घरी निघताना तिने आईला सांगून टाकलं, "शनिवारी मला ताप येणार आहे."

मुलं गेली, आणि मावशी वर्ग झाडायला आल्या. बाकीच्या खुर्च्यांखाली छान कातरण पडली होती. भिंगरीच्या खुर्चीखाली मात्र चघळल्यासारखे चुरगळलेले कागद. त्या झाडू तसाच हातात घेऊन ताईंकडे गेल्या.

"ताई, रागावू नका. पोरीच्या हातात खोट नाही. कात्रीच उजवी आहे."

"कात्रीला कसलं आलंय डावं-उजवं, मावशी?"

मावशींनी टेबलावरची भिंगरीची कात्री डाव्या हातात धरून कागदावर दाबली. कागद दुमडला. "मीही डावखुरी. लहानपणी या हाताने पट्ट्यांचा मार खाल्ला, तरी तो सुधारला नाही. आमच्या गल्लीतला शिंपी डावखुरा आहे. त्याची कात्री उलट्या पात्यांची असते. ती पाहिली, तेव्हा मला उमगलं."

ताईंनी तो दुमडलेला कागद हातात घेऊन उलगडला. "इतकी वर्षं शिकवतेय मी," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी त्या लेकराचा हातच बदलायला निघाले होते! बरं झालं तुम्ही बोललात."

त्या संध्याकाळी ताईंनी चार दुकानं पालथी घातली. शुक्रवारी त्या भिंगरीपुढे उकिडव्या बसल्या. "माझं चुकलं गं. तुझा हात शहाणा आहे. मला हे मावशींनी शिकवलं." आणि त्यांनी एक छोटी हिरवी कात्री पुढे केली.

मांडीखालचा डावा हात जपून बाहेर आला. कर्रर्र! कागदाची पट्टी खाली पडली.

"खाल्ला!" पोपट ओरडला. "हिच्या कात्रीने कागद खाल्ला!"

शनिवारी ताप आला नाही. टोकं थोडी वाकडी असलेला मुकुट घालून भिंगरी आईबाबांसमोर इतकी फिरली की मुकुट कानावर आला. टाळ्या संपल्या, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या मावशी तिला दिसल्या. ती धावत गेली आणि त्यांच्या कमरेला घट्ट बिलगली.

"मावशी, तुझ्यामुळे मला कापता आलं."

"चल गं! मला स्वतःला कुठे कापता येतं अजून?" मावशी हसत म्हणाल्या.

भिंगरीचं हसू थांबलं. तिने मावशींच्या हातातला झाडू काढून भिंतीला टेकवला, त्यांना ओढत नेऊन आपल्या बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि हिरवी कात्री त्यांच्या डाव्या हातात दिली.

"घाबरू नकोस हं," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी कागद ताणून धरला.