खोटी शपथ

भिवाजीचा कनेरगाव नाक्यावर ढाबा होता. दिवसभर गालात तंबाखू. पंचावन्नाव्या वर्षी जिभेच्या कडेला गाठ आली, तेव्हा बायको जनकाबाईनं ढाबा पुतण्याच्या हवाली केला आणि नवऱ्याला घेऊन नांदेड गाठलं.

तिथल्या डॉक्टर राजनंदिनी एका नव्या उपचाराचा अभ्यास करत होत्या. त्यांनी दोघांना समजावलं, "रोगाशी लढणाऱ्या पेशींना जागं करणारी प्रथिनं आपलं शरीरच बनवतं. तीच आपण गाठीजवळ टोचणार, सोबत केमोचं सलाईन. गुण येईलच असं आत्ता सांगता येत नाही, काका. ताप मात्र येईल. आणि तंबाखू पूर्ण बंद."

ताप आला. अंग भाजून निघालं. पण काही आठवड्यांत गिळताना कानापर्यंत जाणारी कळ कमी झाली, घासभर मऊ भात पोटात जाऊ लागला. बरं वाटलं तशी तलफही जागी झाली. घरी परतताना बस वारंगा फाट्यावर थांबली. जनकाबाईचा डोळा लागला होता. भिवाजी खाली उतरला आणि टपरीमागं जाऊन त्यानं चिमूट गालात धरली. पुढं प्रत्येक खेपेला तेच.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू बंद आहे ना?"

भिवाजी बोलायच्या आत जनकाबाई म्हणाली, "बंद हाय मॅडम. माझ्या कोमलची शपथ." कोमल त्यांची एकुलती एक लेक.

डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली. हिरडीला तंबाखूची काडी चिकटलेली होती. त्यांनी ती चिमट्यानं काढली, कापसावर ठेवली. रागावल्या नाहीत. जनकाबाईनं पदर तोंडावर ओढला.

दुपारी पुन्हा ताप चढला. ती कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती, त्याच्याकडं न बघता.

"तुला ठाऊक नव्हतं म्हणून..." तो पुटपुटला.

"ठाऊक व्हतं. वास येत व्हता."

"मग शपथ काहून घेतली?"

"तुमाला उपचारातून काढून टाकतील म्हणून. पोटच्या पोरीची खोटी शपथ घेतली मी."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टर आल्या तेव्हा त्यानं सगळं आपल्या तोंडानं सांगितलं.

"उपचार थांबवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही लपवलंत, तर या औषधानं काय केलं ते मला खरं कसं कळणार? तुमच्यानंतर येणाऱ्यांना मी काय सांगू?"

त्यानं खिशातली तंबाखूची पुडी काढून त्यांच्या हातात दिली.

तंबाखू सुटली. गाठ आक्रसली. औषधानं, केमोनं की दोहोंनी, ते डॉक्टरही ठामपणे सांगेनात. शस्त्रक्रियेत जिभेची कड गेली आणि बोलणं बोबडं झालं.

दिवाळीला कोमल माहेरी आली. जनकाबाई चुलीपाशी असताना भिवाजीनं तिला जवळ बसवलं आणि ती शपथेची गोष्ट सांगितली.

"काय म्हणता बाबा? नीट समजलं न्हाई."

परत सांगायला त्याची जीभ रेटेना. "काई न्हाई," एवढं मात्र तिला स्पष्ट ऐकू आलं.