सातचा एक

“आजी, हात नका लावू हं, प्रदर्शनातली वस्तू आहे,” मुलगी म्हणाली, पण तोवर पडताळणीबाईंचं बोट सातच्या कळीवर जाऊन बसलंही होतं.

“प्रदर्शनातली कसली? माझी आहे ती,” बाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं बसलेय हिच्यापुढं. हिची तीनची कळ पहिल्यापासून हट्टी. जरा दामटून दाबावी लागते. बघ की दाबून.”

मुलीनं इकडंतिकडं बघत कळ दाबली. ती खरंच हट्टी निघाली. मुलगी हसली आणि लगेच वहीत लिहून घेऊ लागली. लष्कराच्या या जुन्या गणनकेंद्रातलं प्रदर्शन तिनंच मांडलं होतं. उद्या ते सगळ्यांना खुलं होणार होतं आणि आजची दुपार तिनं जुने कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवली होती. यंत्रं तिला तळघरात सापडली होती. ती चालवायची कशी हे सांगणारी माणसं मात्र एकेक करून संपत आली होती.

“आई, दमाल. बसा बघू जरा,” बरोबर आलेल्या सूनबाई मागून म्हणाल्या.

“मी बसलेलीच आहे,” बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. यंत्रासमोरची खुर्ची त्यांनी आल्याआल्याच बळकावली होती.

पडताळणीबाई हे नाव त्यांना याच दालनानं दिलं. ते पुढं घरापर्यंत आलं, सासरी रुळलं, आणि नवरा होता तोवर तोही चारचौघांत “आमच्या पडताळणीबाई” असंच म्हणायचा. बाईंची ख्यातीच तशी होती. कुलूप लावलं की त्या ते ओढून बघत, औषधाच्या बाटलीवरचं नाव दोनदा वाचत. शेजारपाजारचे लोक लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी कच्चा कागद त्यांच्याकडं घेऊन येत. यांच्या नजरेतून चूक सुटायची नाही, असं सगळे म्हणत. बाई त्यावर कधी हो म्हणाल्या नाहीत. लोकांना तो विनय वाटायचा.

“आजी, तुमचं काम नेमकं काय असायचं?” मुलीनं विचारलं.

“सोपं होतं. अधिकारी कागदावर आकडे लिहून पाठवायचे. पलीकडच्या यंत्रावरची मुलगी ते बघून कार्डाला भोकं पाडायची. मग तोच कागद आणि तेच कार्ड माझ्याकडं. मी तेच आकडे पुन्हा दाबायचे. माझा आकडा आणि तिचं भोक जुळलं तर कार्ड पुढं. नाही जुळलं तर यंत्र अडायचं, हा लाल दिवा लागायचा.”

“मग?”

“मग कागद पुन्हा बघायचा. तिची चूक असेल तर कार्ड परत, आणि वहीत तिच्या नावापुढं एक फुली. आठवड्यात तीन फुल्या झाल्या की मोठ्या साहेबांपुढं उभं राहायचं.”

“आकडे कशाचे, ते सांगायचे तुम्हाला?”

“छे! पण आम्ही काय कुक्कुली बाळं होतो? दारात बंदूकवाला पहारेकरी, कागदावर वाऱ्याचा वेग आणि अंतरं. तोफेचे तक्ते होते ते, झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं.”

तोफेचं तोंड किती उचलायचं हे अंतरावर ठरतं, वाऱ्यावर ठरतं, हवेतल्या गारठ्यावरही ठरतं. एकेका तोफेच्या तक्त्यात हजारो आकडे. पूर्वी ते खोलीभर मुली पेन्सिलीनं काढत बसत आणि त्यात महिनेच्या महिने जात. लढाई काही तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून लष्करानं पलीकडच्या दालनात भिंतीएवढं गणकयंत्र उभं केलं आणि त्याच्या तोंडी घालायला कार्डं हवीत म्हणून या मुली कामावर घेतल्या. पुढं लढाई संपली, यंत्र राहिलं. मग त्याला हवेचे अंदाज दिले, शाळांचे निकाल दिले, गाड्यांची आरक्षणं दिली. त्यानं कशालाच नाही म्हटलं नाही.

“तुमच्या फोनचं कूळ शोधत गेलात ना, तर अशाच एखाद्या तोफेपाशी पोचाल,” मुलगी सूनबाईंना सांगत होती. सूनबाईंनी हातातल्या फोनकडं जरा संशयानंच बघितलं.

“आणि हा फलक बघा, आजी. माझा सगळ्यांत आवडता.”

बाई उठल्या. चष्मा पुसून त्यांनी फलक वाचला आणि सवयीनं पुन्हा एकदा वाचला. वर मोठ्या अक्षरांत ‘चुकीतून शोध’ असं होतं. खाली लिहिलं होतं: ‘केंद्राच्या तिसऱ्या वर्षी पंच (कार्डांना भोके पाडणाऱ्या) विभागातील एका मुलीच्या निष्काळजीपणामुळे तोफेच्या तक्त्यात सातच्या जागी एक पडला. सरावाच्या वेळी गोळा अलीकडे पडून एका जवानाला पाय गमवावा लागला. त्यानंतर केंद्रात प्रत्येक संख्येच्या शेवटी एक तपासअंक जोडण्याची पद्धत सुरू झाली. आधीच्या अंकांशी तो जुळला नाही तर यंत्र स्वतःच चूक पकडत असे.’

“त्या पंचवाल्या आजीही येणारेत आज,” मुलगी उत्साहानं म्हणाली. “पत्ता शोधताना नाकी नऊ आले माझ्या.”

पडताळणीबाई फलकापासून मागं सरकल्या. बावन्न वर्षं त्यांनी त्या दिवसाकडं पाठ फिरवली होती.

सगळं दालन त्या पंचवाल्या मुलीला तुफान म्हणायचं, कारण तिचे हात तसे चालायचे. नोकरीला लागून तिला पाचच महिने झाले होते, अजून कायम व्हायची होती. दोघींची यंत्रं शेजारीशेजारी, डबे एकत्र, हसणं एकत्र. त्या आठवड्यात तुफानच्या नावापुढं दोन फुल्या पडल्या होत्या. तिसरी पडली असती तर साहेब तिला कायम करणार नव्हते. तसं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. शनिवार होता, सुटी व्हायला थोडाच वेळ होता. ज्या कप्तानानं कागद लिहिला होता तो सातच्या डोक्यावरची रेघ इतकी तोकडी काढायचा, की सात की एक ते ओळखायला डोळ्यांत तेल घालावं लागे. पुढं काय झालं ते फक्त पडताळणीबाईंना ठाऊक होतं. चौकशी झाली तेव्हा अक्षर वाईट होतं म्हणून त्यांना सोडून दिलं आणि मूळ चूक तुफानची म्हणून तिला घरी पाठवलं. पुढं बाई पडताळणी विभागाच्या प्रमुख झाल्या.

तुफान आली ती काठी टेकत, एकटी. दारातच थांबून तिनं दालनभर नजर फिरवली आणि थेट पडताळणीबाईंकडं आली.

“ओळखलंस का गं?”

“काठी तेवढी नवी दिसतेय,” पडताळणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

तुफान हसली आणि फलकासमोर उभी राहिली. सावकाश, ओठ हलवत वाचू लागली. मुलीनं तिला थांबवायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपण हा फलक हिलाच वाचायला बोलावलंय, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“निष्काळजीपणा,” तुफान म्हणाली. “बरोबर आहे. साहेबही हाच शब्द म्हणाले होते.” मग पडताळणीबाईंकडं वळून तिनं सहज सांगावं तसं सांगितलं, “तेव्हापासून आकड्यांचा धसकाच घेतलाय बघ मी. शाळेत गणित शिकवायची जागा चालून आली होती, गेले नाही. फोन शेजारीण लावून देते. भाचीचं बाळ सांभाळत होते, तर औषध मोजायची वेळ आली की भाचीलाच बोलवायचे. वाटायचं, परत सातचा एक दिसला म्हणजे?”

सूनबाई चुकचुकल्या. गप्प राहणं पडताळणीबाईंना अंगवळणी पडलं होतं, आणि आज गप्प राहिल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं. सूनबाई तर सासूबाईंच्या अचूकपणाच्या गोष्टी आपल्या मुलांना सांगत आल्या होत्या. बाईंना त्या शेजारी उभ्या आहेत याची फार लाज वाटली.

“दिवा लागला होता,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“त्या शनिवारी. मला सात दिसला. मी सात दाबला, यंत्र अडलं, लाल दिवा लागला. कागद पुन्हा बघितला, सातच होता. तुझ्या दोन फुल्या झाल्या होत्या गं. म्हणून मी एक दाबला. कार्ड गेलं पुढं.”

“आई!” सूनबाईंच्या तोंडून निघालं.

काठीची मूठ तुफाननं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मला वाचवायला?” तिनं शेवटी विचारलं.

“हो.”

“आणि चौकशीत काय सांगितलंस?”

“मलाही एकच दिसला म्हणाले.”

“तेव्हा कुणाला वाचवलंस?”

पडताळणीबाईंनी मान खाली घातली. “मला,” त्या म्हणाल्या.

“वाटलंच.” तुफानच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज पक्का होता. “चूक माझीच होती, ती मी नाकारत नाही. पण ती पकडली गेली होती ना? म्हणजे नुसती एक फुली होती ती. गेली असती नोकरी. दुसरी बघितली असती. फुली मी सोसली असती गं. त्या माणसाचा पाय बावन्न वर्षं एकटीनं सोसलाय मी, आणि तू तिथं मोठी बाई झालीस.”

“मला माफ...”

“आत्ता नको. आत्ता मला नाही जमायचं.”

मुलीचं पेन केव्हाच थांबलं होतं. तुफान तिच्यावरच घसरली. “आता का थांबलीस? लिही की. फलकावर निष्काळजीपणा बरा लिहिला होतास.”

“लिहिते, आजी. पण फलक बदलायचा तर वरून परवानगी लागेल. ते पुरावा मागतील.”

“पुरावा काय मागायचाय? मी उभी आहे ना इथं,” पडताळणीबाई म्हणाल्या. “सगळं जसंच्या तसं लिही. खाली माझी सही घे. आणि परवानगी देणाऱ्या साहेबांना इथं बोलाव, मी त्यांच्या तोंडावर सांगते.”

“आणि त्या जवानाचं नाव काय होतं?” तुफाननं विचारलं.

मुलीनं वही चाळली. गणकयंत्राचं वजन तिच्याकडं होतं. त्यात किती दिवे होते, किती मैल तारा होत्या, कोणत्या वर्षी कुठला भाग बदलला, सगळं होतं. जवानाचं नाव नव्हतं.

“माहीत नाही, आजी.”

“मग ते आधी शोध. आमचं नंतर लिही.”

मुलगी खरोखरच धावत कचेरीकडं गेली. सूनबाई सासूबाईंना धरायला पुढं आल्या, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दालनात आता आणखी माणसं येऊ लागली होती. नातवंडांना घेऊन आलेले जुने कर्मचारी यंत्रांना वळसे घालत एकेक फलक वाचत पुढं सरकत होते.

तीनचार जण या फलकाशी आले तेव्हा तुफाननं हात वर केला आणि तळवा ‘निष्काळजीपणा’ या शब्दावर ठेवला. बाजूला झाली नाही. माणसांनी तिच्या बोटांच्या आजूबाजूचं वाचलं, जरा घुटमळली आणि पुढं गेली. मग दुसरी आली. मुलीचा पत्ता नव्हता. तुफानचा हात भरून आला, तरी तो तिनं तसाच धरून ठेवला. शेवटी अगदीच अवघडून तो खाली आला, तेव्हा पडताळणीबाईंनी पुढं होऊन तिथं आपला हात ठेवला. तुफाननं त्यांच्याकडं बघितलं नाही; काठीवर भार टाकून ती तिथंच, त्यांच्या शेजारी उभी राहिली.