पेटवून द्यायची

"विडी-सिगारेट?" फॉर्मवरून नजर न उचलता तिने विचारलं. श्वासाची तपासणी करणाऱ्या त्या खोलीत बावीस वर्षं ती हा प्रश्न विचारत आली होती. आज समोर तिची स्वतःची आई बसली होती.

"नाही गं," आई म्हणाली.

"आमच्या घरात बाईने कधी विडीला हात लावलेला नाही," शेजारच्या खुर्चीतून वडील गरजले. "तुझ्या लेकीने मात्र नाक कापलं! मुलीच्या जातीने धूर सोडायचा?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीच्या बॅगेत ती बॅटरीवरची सिगारेट सापडली तेव्हा तिनेही दोन ठेवून दिल्या होत्या. पण हे बोलतंय कोण? सगळ्या घराचं धुराडं करून ठेवलेला माणूस! लग्नानंतर एकेचाळीस वर्षांनी त्यांनी सिगारेट सोडली तेव्हा नातेवाइकांनी केवढं कौतुक केलं होतं.

"हात कसा नाही लावला?" आई दम खात म्हणाली. "मामंजींची विडी चुलीवर मीच पेटवून द्यायची. मग तुमची सिगारेट. गाडी चालवताना तुमचे हात कुठे मोकळे असायचे?"

"पेटवून द्यायची म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? ओढल्याशिवाय पेटते होय? तोंडात धरायची, दोन झुरके मारायचे, मग द्यायची."

"दिवसाला किती?"

"मोजतंय कोण! पंधरा-वीस असतील."

चार वर्षं आईला दम्याची औषधं चालू होती आणि गुण म्हणून येत नव्हता. त्या चार वर्षांतल्या प्रत्येक फॉर्मवर 'नाही' तिनेच लिहिलं होतं. परक्यांना खोदून खोदून विचारणारी ती. आईला एकदाही धड विचारलं नव्हतं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

तिने पेन दाबून लिहिलं: होय. एकेचाळीस वर्षं.

"ए, खोड ते!" वडील ताडकन उठले. "डॉक्टर काय म्हणतील? माझी बायको विड्या ओढायची?"

"तुमच्यासाठी ओढायची, बाबा! आजोबांसाठी ओढायची! अब्रू तुम्ही मिरवायची आणि छाती हिने जाळायची?"

वडील आईकडे वळले. "तू तरी सांग हिला."

आईने फॉर्म स्वतःकडे ओढला. डोळ्यांजवळ धरून अक्षर न् अक्षर वाचलं. मग पेन मागून घेतलं आणि खाली सही केली. एवढीशी सही, पण ती पुरी करताना तिला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.