लपाछपीच्या वेळी मी करकरले

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, मला कमी लेखू नका. तुमचे सिनेमे तुमच्या कितीतरी आधी मी पाहते!

कोणताही सिनेमा मोठ्या पडद्यावर लागण्यापूर्वी आमच्या छोट्या, बिनखिडक्यांच्या खोलीत येतो. चार-पाच परीक्षक तो पाहतात आणि कोणत्या वयाच्या मुलांना तो दाखवावा, हे ठरवतात. त्या खोलीत मागच्या रांगेत, भिंतीकडेची जागा माझी.

सुताराने माझे हात घासून घासून लोण्यासारखे केले होते. गादीवाल्याने माझ्या पोटात स्प्रिंगा बसवल्या आणि वर लाल कापड ताणले. नवी होते तेव्हा माझ्यावर बसायला परीक्षकांची चढाओढ लागे. मग कापड विटले, एक स्प्रिंग सैल झाली. बसणारा जरा दचकला की मी मोठ्याने करकरायची. अंधारात सगळे माना वळवून पाहायचे, आणि बसणारा बिचारा ओशाळायचा. हळूहळू माझ्याकडे कुणी फिरकेना. माझे नाव पडले ‘करकर आजी’.

“आता या आजींना निरोप द्या बुवा,” एकदा परीक्षकांचे अध्यक्ष म्हणाले. ते मुलांचे डॉक्टर होते, स्वभावाने गमत्ये. “सिनेमापेक्षा यांचाच आवाज जास्त.”

मला उचलून न्यायला हमाल सांगितला गेला. तो यायच्या आदल्याच दिवशी ती गोष्ट घडली. अजून आठवले की माझ्या स्प्रिंगा थरथरतात!

त्या दिवशी एका दिग्दर्शिकेने केलेला सिनेमा होता. दोन बहीणभाऊ आणि डोंगरातला राक्षस, अशी गोष्ट. दिवे मालवण्याआधी ती दारात येऊन उभी राहिली.

“माझी मुलगी सहा वर्षांची आहे,” ती म्हणाली. “तिच्यासाठीच केलाय मी हा. राक्षसामुळे तुम्ही ‘बारा वर्षांवरील’ असा शिक्का मारलात, तर आईचा सिनेमा तिलाच बघता येणार नाही. तेवढं बघा.”

“आधी बघू तर दे, बाळ,” अध्यक्ष म्हणाले. ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

इतक्यात बालवाडीच्या बाई धापा टाकत आल्या. त्याही परीक्षक. उशीर झालेला, बाकी खुर्च्या भरलेल्या. त्या माझ्यावर टेकल्या. किती दिवसांनी कुणी बसले होते! मी अगदी सावरून राहिले.

राक्षस आला. केवढा तो! खोली हादरली. परीक्षक टिपणे काढायला सरसावले. बाई मात्र स्वस्थ बसल्या होत्या, उलट गालात हसत होत्या. मी गप्प. राक्षस गेला. सगळे माना खाली घालून राक्षसाविषयी लिहू लागले. पडद्यावर आता बहीणभाऊ अंगणात लपाछपी खेळत होते. भाऊ पळत पळत एका जुन्या, बंद पडलेल्या फ्रीजमध्ये शिरला आणि त्याने आतून दार ओढून घेतले.

बाई ताडकन उठू लागल्या. मी अशी करकरले, अशी करकरले की अध्यक्षांच्या हातून पेन पडले!

दिवे लागेपर्यंत अवाक्षर काढायचे नाही, हा तिथला नियम. दिवे लागले. सर्वांत नवीन परीक्षकाने आधी बोलायचे, म्हणजे थोरांचे ऐकून कुणी नुसती मान डोलावत नाही. नवीन होता तो तरुण वकील.

“राक्षस भयंकर आहे. बारा वर्षं,” तो म्हणाला.

“थांबा हो,” अध्यक्ष म्हणाले. “राक्षसाला गप्प बसलेल्या आजी लपाछपीला का ओरडल्या? बाई, काय दिसलं तुम्हाला?”

“तुम्ही सगळे लिहीत होतात. तो मुलगा फ्रीजमध्ये लपला.”

“आणि हसत बाहेर आला की. गंमत आहे ती,” वकील म्हणाला.

“म्हणूनच तर. मुलं गमतीचीच नक्कल करतात. राक्षस कुणाच्या घरी नसतो वकीलसाहेब, फ्रीज असतो. जुन्या फ्रीजचं दार आतून उघडत नाही. गुदमरतं लेकरू.”

तो भाग पुन्हा लावला. या वेळी कुणी लिहीत नव्हते. वकिलाने हळूच कपाळ पुसले. “राक्षस तर शेवटी त्या पोरांचा मित्रच होतो,” तो म्हणाला. “त्याचं काही नाही. हे बदलायला हवं.”

दिग्दर्शिकेला आत बोलावले. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

“राक्षसाच्या बाजूने भांडायची तयारी करून आले होते मी,” ती म्हणाली. “आमच्या मागच्या खोलीत आहे तसला फ्रीज. आधी घरी फोन करते.”

ती फोन घेऊन बाहेर धावली.

पुढे तिने तो प्रसंग नव्याने चित्रित केला. भाऊ आता वाळत घातलेल्या चादरींमागे लपतो. दुसऱ्या खेपेला बाई मुद्दाम माझ्यावरच बसल्या. लपाछपी आली. साऱ्या खोलीचे कान माझ्याकडे! मी हूं की चूं केले नाही.

“आजी गप्प,” अध्यक्ष म्हणाले. “सर्वांसाठी.”

हमालाला तर कधीच परत पाठवले होते. माझ्यावर नवे कापड चढले आहे.

मित्रांनो, वयाचा शिक्का पाहून कधी तुमची निराशा झाली, तर रुसू नका. तुमच्या आधी, तुमच्यासाठी कुणीतरी अंधारात दचकलेले असते. आणि माझी एवढीच विनंती आहे, मला हवे तितके पुसा, रंगवा, मिरवा. त्या सैल स्प्रिंगेला मात्र तेल घालू नका.