अकरा नंबरची बस

नव्या उपनगरी रेल्वेला कोणत्या बस जोडायच्या आणि कोणत्या बंद करायच्या, हे ठरवणाऱ्या कचेरीत चिमी मोठ्या हुद्द्यावर होती. तिथे सगळे तिला मॅडम म्हणत. चिमी म्हणायची ती एकटी आत्या. आई गेल्यावर तिनंच शिवणकाम करून हिला लहानाचं मोठं केलं होतं.

अकरा नंबरची बस बंद करायचं ठरलं, तेव्हा कुणी फारशी कुरकुर केली नाही. ती निम्मं शहर गल्लीबोळांतून पालथं घालत जायची, तीही बरेचदा रिकामी. त्याच गाड्या स्टेशनांना जोडल्या, तर लांबच्या वस्त्यांतली माणसं दिवेलागणीच्या आत घरी पोचणार होती. आणि तशी ती पोचू लागलीही.

याच बसनं आत्या दर आठवड्याला थोरल्या बहिणीकडे जायची. दारात चढायची, दारात उतरायची. चिमीला हे ठाऊक होतं. आता मधे रेल्वे घ्यावी लागेल, एवढंच ना, असं तिनं स्वतःला समजावलं.

"जमतंय ना गं रेल्वेनं?" तिनं एकदा विचारलं.

"न जमायला काय झालं? छान केलंयत तुम्ही," आत्या म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली. शेजारणींना तर ती ऐटीत सांगायची, "ही रेल्वे आमच्या पोरीनं मार्गी लावली बरं."

थोरली हिवाळ्यात गेली, झोपेतच. सगळं आटोपल्यावर तिच्या मुलानं चिमीला स्वयंपाकघरात गाठलं.

"एक विचारू? आईचं आणि मावशीचं काही बिनसलं होतं का?"

"छे. का रे दादा?"

"उन्हाळ्यापासून मावशी फिरकलीच नाही. फोनवर नुसत्या सबबी. आई रोज विचारायची, आज येतेय का म्हणून."

घरी आल्यावर चिमीनं विषय काढला, तेव्हा आत्यानं आधी उडवाउडवी केली. मग खरं सांगितलं. पहिल्याच खेपेला सरकत्या जिन्यावर तिचा तोल गेला होता. कुणीतरी धरलं म्हणून वाचली. लिफ्ट होती, पण पार दुसऱ्या टोकाला, पूल ओलांडून. गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती तिथूनच माघारी फिरली होती.

"मला का नाही सांगितलंस? मी सोडलं असतं गाडीनं."

"तुला उसंत कुठे होती? आणि तुझ्याच कामाला मी नावं ठेवू? लोक इतकं चांगलं बोलत होते. म्हटलं, होईल सवय हळूहळू."

"निदान थोरल्या आत्याला तरी."

"तिला सांगितलं असतं, तर तिनं फोन करून तुझी हजेरी घेतली असती."



पुढच्या आढाव्यात चिमीनं हट्टानं जुन्या वाटेवर दुपारची एक छोटी बस मंजूर करून घेतली. सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही. बस सुरू झाली त्या दिवशी ती रजा टाकून घरीच थांबली.

"चल आत्या, बसनं जाऊन येऊ."

"कुणाकडे?" आत्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"दादाकडे."

"बघू नंतर," आत्या म्हणाली आणि हातातलं कापड उलटून शिवण तपासू लागली.

त्यानंतर चिमीनं दोनदा विचारून पाहिलं. मग विचारणं सोडून दिलं.