भिवाजीच्या लेकीचं पोट

मुंबईत प्लेग सुरू झाला, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. कडावात भिवाजीइतका शहाणा माणूस नव्हता, असं भिवाजीचं ठाम मत होतं. त्याला विरोध करण्याइतकी अक्कल दुसऱ्या कुणापाशी नसल्यामुळे पुढे तेच गावाचंही मत झालं.

घरचं भात वर्षभर पुरून उरायचं, गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या आणि एकुलती एक लेक, चिमा. चिमा नऊ वर्षांची, पण दिसायची पाचाची. हातपाय काटक्या, केस तांबूस आणि मधे हे एवढं पोट. त्या पोटाचा भिवाजीला भारी अभिमान. ओट्यावर कुणी आलं की तो पोरीला हाक मारायचा, पोटावर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "भरल्या घरची पोर हाय. बघा, मडक्यावानी वाजते." बघणारे माना डोलवायचे. त्यांच्या घरीही तसलीच मडकी रांगत होती, पण त्यांच्या गोठ्यात म्हशी नव्हत्या. म्हणून त्यांच्या पोरांची पोटं फुगलेली आणि चिमाचं तेवढं भरलेलं. असल्या न्यायावर गावं चालतात.

चिमाच्या आईला, जयवंताला, मात्र डोळे होते. पोर झोपेत दात खाते, भिंतीची माती चाटते, दिवसभर तिला खा खा सुटते आणि खाल्लेलं काही अंगी लागत नाही, हे ती रोज बघत होती. शेवटी ती पोरीला घेऊन सुईण चंद्राबाईकडे गेली. चंद्राबाईने पोट चाचपलं आणि घरातून पळसाच्या बियांची पुरचुंडी आणून दिली.

"जंत हायत गं. ह्या कुटून तीन दिस अनशापोटी गुळातून दे, चवथ्या दिशी एरंडेल पाज. पोट उतरंल, मंग वाढीला लागंल पोर."

भिवाजीला हे कळलं तेव्हा त्याने पुरचुंडी उकिरड्यावर भिरकावली.

"जंत भिकाऱ्याच्या पोटात व्हतात. उद्या साजगावचं पावणं येनार पोर बघायला, आन् तू गावभर जंत जंत करीत फिरतेस? लाज नाय वाटत?"

लाज नक्की कुणी बाळगायला हवी होती, हे मी काय सांगू. त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. नवऱ्या मुलाची आई अंबाबाई आणि त्याचा चुलता. अंबाबाईने चिमाला जवळ घेतलं, नाव विचारलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आत सगळं पांढरंफटक.

"पोर गुनाची हाय," ती म्हणाली. "पन पोटात जंत हायत हिच्या. औषिद करा. आमी पुढल्या वर्षी येतो, सोयरीक मोडीत नाय."

यापेक्षा सभ्य कुणी काय बोलावं? पण शहाण्याला सभ्यपणा टोचतो.

"माज्या पोरीला लोखंड पचतं," भिवाजी म्हणाला आणि त्याने पुरणपोळ्यांचं ताट तिथेच मागवलं. चिमा खायला बसली. एरवी हात आखडणारा बाप आज स्वतः तूप वाढतोय, हे पाहून ती हरखली होती. एकेक पोळी संपवून ती बापाच्या तोंडाकडे बघायची आणि बाप दुसरी टाकायचा.

"पुरं आता, भाऊ," अंबाबाई म्हणाली. भिवाजी हसला आणि त्याने सहावी वाढली. ती संपेपर्यंत पाहुणे उठून गेले होते.

सकाळी पोट दगडासारखं घट्ट. पोर कण्हायला लागली, ओकायला लागली, आणि ओकारीतून वीतभर लांबीचे दोन जंत पडले. जयवंता धावली चंद्राबाईकडे. भिवाजी धावला चुलीकडे. त्याने राख आणली, जंतांवर टाकली, वरून पाय फिरवला आणि मग ओट्यावर येऊन जाहीर केलं, "साजगावकरांची दिष्ट लागली." गावाला ते लगेच पटलं. कुणी मीठ-मिरच्या आणल्या, कुणी भगताला बोलवायला गेलं.

चंद्राबाईने पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "जंतांचा गोळा अडकलाय. आता बिया देता येत नाय. काल देता आल्या असत्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी चिमा गेली.

शेजारचा येसाजी कुदळ घेऊन आला. आठ वर्षांच्या आतल्या लेकरांना या गावात जाळत नाहीत, ओढ्याच्या कडेला पुरतात. भिवाजीच्या भावाने, पोशाने, पोरीला फडक्यात गुंडाळून हातांवर घेतलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. लवकर उरकलं तर भिवाजीला हवंच होतं.

जयवंता दारात आडवी आली.

"खाली ठेव तिला, भाऊजी. लेकरू नाय ती. नऊ सरून दहावं लागलंय. तिरडी बांधा."

सगळ्यांनी भिवाजीकडे पाहिलं. त्याने पोशाच्या हातांवरच्या त्या गाठोड्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत, बहुतेक पहिल्यांदाच.

"नऊची हाय," तो म्हणाला.

येसाजीने कुदळ ठेवली आणि बांबू आणले. ते निम्म्यात तोडावे लागले.